खाण्याचे विकार, कुपोषण आणि फुफ्फुसांची रोगप्रतिकारशक्ती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई आणि उपनगरांतील रुग्ण, त्यांचे पालक आणि नातेवाईक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांचे हे संकलन आहे. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जिथे एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला आहे, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. वजनाचे आणि उष्मांकांचे आकडे मात्र मुद्दामच कमी ठेवले आहेत, कारण खाण्याचा विकार असलेली व्यक्ती असे आकडे स्वतःशी ताडून पाहते आणि त्यातून विकार बळावतो.

१. फुफ्फुसांची वेगळी रोगप्रतिकारशक्ती असते का, की सगळ्या शरीराची एकच असते?

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. प्रौढ माणूस दिवसभरात सुमारे दहा हजार लिटर हवा आत घेतो आणि तिच्याबरोबर धूळ, धूर, जंतू, तसेच लोकलच्या डब्यात शेजारी खोकणाऱ्याचे तुषारही आत येतात. त्यामुळे श्वसनमार्गाला स्वतःची व्यवस्था लागतेच. नाकातले केस आणि ओलसर अस्तर मोठे कण अडवतात. श्वासनलिकांच्या आतल्या बाजूला चिकट श्लेष्म्याचा थर असतो, त्यात जंतू अडकतात आणि अस्तरावरची सूक्ष्म रोमके तो थर सतत घशाकडे ढकलत राहतात. जे तेवढ्याने निघत नाही, ते खोकल्याने बाहेर पडते. श्लेष्म्यात इम्युनोग्लोब्युलिन ए ही प्रतिपिंडे असतात आणि ती जंतूंना अस्तराला चिकटू देत नाहीत. त्याही पलीकडे वायुकोशांत, म्हणजे फुफ्फुसांतल्या हवेच्या सूक्ष्म पिशव्यांत, पोहोचलेल्या जंतूंना गिळणाऱ्या मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी असतात.

ही झाली स्थानिक व्यवस्था. ती अपुरी पडली की रक्तातून न्यूट्रोफिल आणि टी-पेशी या पांढऱ्या पेशी बोलावल्या जातात, आणि त्यांचा पुरवठा अस्थिमज्जा व छातीतली थायमस ग्रंथी यांच्याकडून, म्हणजे सगळ्या शरीराच्या साठ्यातून होतो.

२. कमी खाल्ल्याने यात नेमके काय बिघडते? 'अशक्तपणामुळे आजार होतात' एवढेच उत्तर सगळीकडे मिळते.

मिळणारी ऊर्जा घटली की शरीर मेंदू आणि हृदय यांचा वाटा शक्य तितका राखते आणि इतर खर्चाला कात्री लावते. रोगप्रतिकार यंत्रणेला सतत नव्या पेशी आणि प्रथिने घडवावी लागतात, म्हणून ही कात्री तिच्यावर लवकर चालते. टी-पेशी जिथे तयार होतात ती थायमस ग्रंथी कुपोषित मुलांमध्ये लक्षणीय आक्रसते. चरबी घटली की चरबीच्या पेशींतून स्रवणाऱ्या लेप्टिन या संप्रेरकाची रक्तातली पातळी घसरते. हे संप्रेरक भुकेशी निगडित म्हणून ओळखले जात असले, तरी टी-पेशींनाही त्याची गरज असते. उपाशी ठेवलेल्या उंदरांना ते बाहेरून दिल्यावर त्यांचा मंदावलेला रोगप्रतिसाद सुधारतो, हे १९९८ साली दाखवले गेले. उपासमारीत कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक वाढते आणि तेही रोगप्रतिसाद दाबते. यकृतात तयार होणारी, जंतूंवर खूण करणारी 'पूरक' (कॉम्प्लिमेंट) प्रथिने कमी पडतात, त्यामुळे भक्षक पेशींना जंतू ओळखून पकडणे कठीण होते आणि पकडलेला जंतू मारण्याची त्यांची क्षमताही मंदावते. श्लेष्म्यातील इम्युनोग्लोब्युलिन ए घटते. अ जीवनसत्त्वाची कमतरता दीर्घकाळ राहिली, तर श्वासनलिकांचे रोमकयुक्त अस्तर जाऊन त्या जागी चपटे, कोरडे अस्तर येते, आणि अशा अस्तरावरून श्लेष्मा पुढे सरकत नाही.

हा सगळा भाग पेशींचा झाला. माझ्या मते याहून दुर्लक्षित भाग स्नायूंचा आहे. उपासमारीत हातापायांचे स्नायू झिजतात तसे श्वासपटल (छाती आणि पोट यांमधला श्वासाचा मुख्य स्नायू) आणि फासळ्यांमधले स्नायूही झिजतात. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा येथे ३६ निरोगी तरुणांनी स्वेच्छेने सुमारे सहा महिने अर्धपोटी राहण्याच्या प्रयोगात भाग घेतला. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांश घटले आणि एका श्वासात बाहेर टाकता येणाऱ्या हवेचे प्रमाणही कमी झाले. जोरदार खोकला येण्यासाठी आधी खोल श्वास घ्यावा लागतो, मग पोटाच्या स्नायूंनी जोर लावावा लागतो. त्या दोन्ही गोष्टी दुबळ्या झाल्या की कफ आत साचतो आणि साचलेल्या कफात जंतू वाढतात.

उपासमारीत फुफ्फुसाची रचनाही बदलू शकते. वॉर्सा येथील ज्यूंच्या कोंडवाड्यात १९४२ साली, स्वतः उपाशी असलेल्या डॉक्टरांनी भूकबळींची शवविच्छेदने केली, तेव्हा त्यांना तरुणांच्या फुफ्फुसांतही वायुकोश फुगून त्यांच्या भिंती झिजल्याचे आढळले. ॲनोरेक्सिया या खाण्याच्या विकाराच्या (प्रश्न ३) रुग्णांच्या सीटी स्कॅनमध्ये असेच बदल अलीकडे नोंदवले गेले आहेत.

३. गरिबीमुळे होणारे कुपोषण आणि ॲनोरेक्सिया यांचा फुफ्फुसांवर होणारा परिणाम सारखाच असतो का?

बराचसा सारखा, पण हुबेहूब नव्हे. गरिबीतल्या कुपोषणात प्रथिने, लोह, जस्त, अ जीवनसत्त्व अशा अनेक गोष्टी एकाच वेळी कमी पडतात, आणि त्यातच दाटीची खोली, चुलीचा धूर, वारंवार होणारे जुलाब यांची भर पडते. ॲनोरेक्सिया नर्व्होसामध्ये व्यक्ती वजन वाढण्याच्या तीव्र भीतीने अन्न टाळते. अनेकदा ती भात, पोळी, तेल-तूप सोडते, पण डाळ, अंडी, ताक, फळे काही प्रमाणात घेत राहते. त्यामुळे ऊर्जेची तूट मोठी असली, तरी प्रथिने आणि जीवनसत्त्वे तुलनेने टिकून राहू शकतात, आणि संसर्गाचे चित्रही वेगळे दिसते (प्रश्न ४). आजार फार पुढे गेला की हा फरक उरत नाही.

४. मुलगी अगदी हाडांचा सापळा झाली आहे, पण वर्षभरात तिला साधी सर्दीही झाली नाही. मग तिची प्रतिकारशक्ती चांगलीच म्हणायची ना?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि बहुतेकदा वडील विचारतात. निरीक्षण खोटे नाही. ॲनोरेक्सियाच्या रुग्णांना सर्दी-पडशासारखे विषाणूंचे आजार अपेक्षेपेक्षा कमी होतात, असे डॉक्टरांनी अनेक दशके नोंदवले आहे. प्रथिनांचे सेवन काही अंशी टिकलेले असणे, लोकांत मिसळणे कमी झालेले असणे, अशी त्याची काही कारणे सुचवली गेली आहेत.

मात्र आणखी एक कारण आहे आणि ते दिलासा देणारे नाही. सर्दीत नाक वाहणे, घसा सुजणे, ताप येणे, अंग दुखणे ही लक्षणे विषाणू थेट निर्माण करत नाहीत. शरीराने दिलेल्या प्रतिसादातून ती निर्माण होतात. प्रतिसाद द्यायला ऊर्जा लागते. ती नसलेले शरीर संसर्ग होऊनही गप्प राहू शकते. म्हणूनच ॲनोरेक्सियाच्या रुग्णांत जिवाणूंचा संसर्ग, त्यात न्यूमोनियाही आला, अनेकदा उशिरा ओळखला जातो, कारण ताप येत नाही किंवा अगदी थोडा येतो. आजारी न पडणे आणि आजार न दिसणे यांत फरक आहे, आणि तीव्र वजनघटीत घरच्यांना तो नुसत्या नजरेने कळत नाही. मुलगी 'कधी आजारी पडत नाही' या कारणासाठी तपासणी पुढे ढकलू नये.

५. ताप येणारच नसेल, तर छातीत संसर्ग झाला आहे हे घरी ओळखायचे कसे?

रुग्णाची नेहमीची नाडी आणि तापमान माहीत असेल तरच ओळखता येते. फार वजन घटलेल्या व्यक्तीची नाडी अनेकदा मिनिटाला ४० ते ५० असते आणि शरीराचे तापमानही कमी असते. अशा मुलीची नाडी बसल्या जागी ९० झाली, तर कागदावर तो आकडा सर्वसाधारण दिसतो, पण तिच्यासाठी ती मोठी वाढ असते. तापमान ९९ अंश फॅरनहाइट असले तरी त्याकडे तसेच पाहावे. उलट तापमान ९५ अंशांच्या खाली गेले, तर ते गंभीर संसर्गाचेही लक्षण असू शकते.

श्वास पूर्ण एक मिनिट मोजावा. प्रौढ व्यक्ती शांत बसलेली असताना तो २४ च्या वर जात असेल, बोलताना वाक्य तुटत असेल, ओठ निळसर दिसत असतील, ती गोंधळल्यासारखी किंवा गुंगीत वाटत असेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. रक्तातील साखर अचानक फार खाली जाणे हीसुद्धा अशा रुग्णांत संसर्गाची खूण असू शकते. उकिडवे बसून हातांचा आधार न घेता उठता येत नसेल, तर स्नायू इतके झिजले आहेत की खोकल्याच्या जोरावरही विसंबता येणार नाही.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरबाबत एक सूचना : या रुग्णांची बोटे गार पडलेली असतात आणि त्यांत रक्ताभिसरण कमी असते, त्यामुळे यंत्र चुकीचे आकडे दाखवू शकते. हात चोळून, ऊब देऊन, नेलपॉलिश काढून पुन्हा मोजावे. तरीही आकडा कमीच येत असेल, तर यंत्रच बिघडले असावे असे समजून सोडून देऊ नये.

६. रक्ताच्या अहवालात पांढऱ्या पेशी कमी आल्या आहेत. हा रक्ताचा कर्करोग तर नसेल?

ॲनोरेक्सियाच्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांत पांढऱ्या पेशी कमी आढळतात. दीर्घ उपासमारीत अस्थिमज्जेतली चरबी आणि रक्तपेशी घडवणाऱ्या पेशी दोन्ही कमी होतात आणि त्यांच्या जागी जेलीसारखा पदार्थ साठतो. पोषण सुधारले की हा बदल बहुतेकदा उलटतो. म्हणून साधारणपणे पेशी वाढवण्याच्या इंजेक्शनांची घाई केली जात नाही. इतर कारणे वगळण्याचा निर्णय अर्थातच डॉक्टरांनी घ्यायचा.

येथेही प्रश्न ५ मधलाच नियम लागू होतो. जिच्या पेशी एरवी तीन हजार असतात, तिच्या अहवालात सात हजार आले, तर प्रयोगशाळा तो आकडा सामान्य ठरवेल, पण तिच्या दृष्टीने पेशी दुपटीहून जास्त वाढलेल्या असतात. म्हणून जुने अहवाल फेकू नयेत, प्रत्येक भेटीला बरोबर न्यावेत.

७. बहिणीचे वजन व्यवस्थित आहे, पण ती जेवल्यावर बाथरूममध्ये जाऊन उलट्या करते. तिच्या फुफ्फुसांना धोका आहे का?

आहे, आणि तो वेगळ्या मार्गाने येतो. बुलिमिया नर्व्होसा, म्हणजे भरपूर खाऊन मग उलट्या वगैरे करून ते बाहेर काढण्याचा विकार, यामध्ये वजन सहसा सर्वसाधारण असते, त्यामुळे घरात आणि दवाखान्यातही तो वर्षानुवर्षे लक्षात येत नाही. वारंवार मुद्दाम केलेल्या उलट्यांमध्ये जठरातले आम्ल आणि अन्नाचे कण श्वासनलिकेत उतरू शकतात. आम्लाने वायुकोशांचे अस्तर भाजते आणि भाजलेल्या जागी तोंडातले जिवाणू सहज मूळ धरतात. रात्री खोकल्याने जाग येणे, आवाज घोगरा होणे, दमा नसताना छातीत घरघर होणे, एकाच फुफ्फुसात वारंवार न्यूमोनिया होणे, यांमागे हे कारण असू शकते. मद्यपान किंवा झोपेच्या गोळ्या यांची जोड मिळाली, तर श्वासमार्गाचे रक्षण करणारी प्रतिक्षिप्त क्रिया मंदावते आणि धोका बराच वाढतो.

दुसरा मार्ग पोटॅशियमचा. उलट्या आणि जुलाबाची औषधे यांमुळे ते घटते, स्नायू दुबळे होतात आणि हृदयाचे ठोकेही बिघडू शकतात. क्वचित उलटीच्या जोराने वायुकोश फुटून हवा छातीच्या मध्यभागी शिरते. उलटीनंतर छातीत अचानक तीव्र कळ आली, मानेच्या त्वचेखाली दाबल्यावर चुरचुर जाणवली, तर ती तातडीची अवस्था समजावी, कारण अन्ननलिका फाटली नसल्याची खात्री लगेच करून घ्यावी लागते.

८. माझे वजन जास्त आहे. मला कुपोषणाचा प्रश्न लागू होत नाही ना?

होऊ शकतो. अनियंत्रित खाण्याच्या विकारात उष्मांक भरपूर, पण लोह, जस्त, ड जीवनसत्त्व कमी अशी स्थिती आढळू शकते. पोटावरच्या चरबीने श्वासपटल वर ढकलले जाते, फुफ्फुसांचा तळ नीट फुलत नाही. शिवाय भराभर वजन उतरवलेल्या व्यक्तीत, आजचे वजन कितीही असले तरी, उपासमारीचे बरेचसे परिणाम दिसू शकतात. किती वजन किती दिवसांत गेले, हे डॉक्टरांना अवश्य सांगावे.

९. आमच्याकडे एकादशी, संकष्टी, श्रावणी सोमवार, नवरात्र असे सगळे उपवास असतात. त्याने फुफ्फुसे कमजोर होतात का?

निरोगी आणि पोटभर जेवणाऱ्या माणसाने अधूनमधून केलेल्या एक दिवसाच्या उपवासाने असे काही होत नाही. साबुदाण्याची खिचडी आणि रताळ्याच्या किसावर काढलेल्या दिवसाला तर उपासमार म्हणण्याचे कारणच नाही.

अपवाद दोन. ज्यांचे वजन आधीच फार कमी आहे, ज्यांना क्षयरोग किंवा फुफ्फुसाचा जुनाट आजार आहे, त्यांनी नवरात्रात नऊ दिवस पाण्यावर राहण्यासारखे कडक उपवास करू नयेत. दुसरा अपवाद अधिक नाजूक आहे. उपवास ही घरात कोणी प्रश्न न विचारणारी सबब असते, आणि खाण्याचा विकार असलेली मुलगी तिचा आधार घेऊ शकते. आठवड्यातले उपवासाचे वार वाढत चालले, उपवासाचे पदार्थही ती खाईनाशी झाली, पारण्याच्या दिवशीही ताटावरून उठू लागली, तर त्यामागे श्रद्धेपेक्षा वेगळे काही आहे का, हे आईने किंवा आजीने शांतपणे विचारावे. ताटावरच, सगळ्यांसमोर विचारू नये.

१०. क्षयरोग जंतूंमुळे होतो, मग त्यात खाण्यापिण्याचा संबंध इतका का सांगितला जातो?

जंतू शरीरात शिरणे आणि रोग होणे या दोन निराळ्या घटना आहेत. मुंबईसारख्या दाट वस्तीच्या शहरात क्षयाच्या जंतूंशी गाठ पडणे सहज शक्य आहे. ज्यांच्या शरीरात ते शिरतात, त्यांतील बहुतेकांच्या फुफ्फुसांत मॅक्रोफेज आणि टी-पेशी मिळून त्यांभोवती गाठीसारखे कडे तयार करतात आणि जंतू तिथेच निपचित राहतात. हे कडे कायम राखायला टी-पेशींचा पुरवठा चालू राहावा लागतो. कुपोषणात तोच आटतो (प्रश्न २). अनेक देशांतील अभ्यास एकत्र पाहता, बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या प्रमाणात वजनाचा निर्देशांक) एका एककाने वाढला की क्षयाचा धोका सुमारे १४ टक्क्यांनी कमी होतो असे दिसते. भारतात क्षयरोगामागच्या कारणांत कुपोषणाचा वाटा सर्वांत मोठ्या कारणांपैकी एक आहे.

याचा सर्वांत ठोस पुरावा आपल्याच देशातला आहे. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरातल्या माणसांना दरमहा प्रत्येकी पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि सूक्ष्म पोषकांच्या गोळ्या देण्यात आल्या. दहा हजारांहून अधिक लोकांच्या या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. अशा शिध्यामुळे घरातल्या इतरांना क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी आणि फुफ्फुसांच्या क्षयाचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटले. तांदूळ आणि डाळ यांनी एवढे साधते, हे मला कोणत्याही महागड्या 'इम्युनिटी' पावडरीच्या जाहिरातीपेक्षा महत्त्वाचे वाटते.

निक्षय पोषण योजनेतून क्षयरुग्णाला उपचार चालू असेपर्यंत दरमहा पोषणासाठी रक्कम मिळते. २०१८ मध्ये ती ५०० रुपये होती, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाली. खासगी डॉक्टरांकडे उपचार घेणाऱ्यांची नोंद झाली असेल, तर त्यांनाही ती मिळू शकते.

११. भाचीचे वजन घटते आहे आणि खोकलाही आहे. हा टीबी की खाण्याचा विकार, हे कसे ठरवायचे?

आधी थुंकीची तपासणी करावी, मग तर्क करावा. दोन्ही आजार एकत्र असू शकतात आणि एकाचे निदान झाले की दुसऱ्याचा शोध थांबतो, ही नेहमीची चूक आहे. क्षयात भूक खरोखर मरते, आणि वजन घटल्याची रुग्णाला काळजी वाटते. ॲनोरेक्सियात बऱ्याचदा भूक लागलेली असते पण ती दाबली जाते, आणि वजन घटल्याचे समाधान वाटते किंवा ते पुरेसे घटलेले नाही असे वाटते. हा फरक मदत करतो, पण त्यावर निदान करू नये.

हातावर इंजेक्शन देऊन करायची मँटू चाचणी कुपोषित व्यक्तीत जंतू असूनही नकारात्मक येऊ शकते, कारण ती चाचणीच टी-पेशींच्या प्रतिसादावर अवलंबून आहे. म्हणून छातीचा एक्स-रे आणि थुंकीची जनुकीय तपासणी आवश्यक ठरते. सरकारी क्षयरोग कार्यक्रमात ही तपासणी आणि औषधे विनामूल्य आहेत.

१२. लहान मुलांमध्ये हे वेगळे असते का?

लहान मुलांत हे सगळे जास्त वेगाने घडते. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल, तर ते तीव्र कुपोषित मानले जाते, आणि अशा मुलाचा न्यूमोनियाने मृत्यू होण्याचा धोका धडधाकट मुलापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतो. न्यूमोनियात श्वास भराभर चालणे आणि छाती आत ओढली जाणे ही दोन लक्षणे आरोग्यसेविका पाहतात, पण फार अशक्त मुलाच्या स्नायूंत तेवढाही जोर नसतो, त्यामुळे ती दिसतीलच असे नाही. दूध न ओढणे, निपचित पडणे, अंग गार लागणे ही लक्षणे तितक्याच गांभीर्याने घ्यावीत.

२०२२ च्या शेवटी गोवंडी परिसरात गोवराचा उद्रेक झाला, तेव्हा मुंबईने हे जवळून पाहिले. गोवराने दगावणाऱ्या मुलांत न्यूमोनिया हे मुख्य कारण असते. अ जीवनसत्त्वाची कमतरता असली की आधीच झिजलेल्या अस्तरावर गोवराचा घाव बसतो, म्हणूनच गोवर झालेल्या मुलांना अ जीवनसत्त्वाचे डोस देतात. अंगणवाडीत आणि आरोग्य केंद्रांत नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी मिळणारा डोस चुकवू नये.

१३. सासऱ्यांना सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होण्याचा फुफ्फुसांचा जुनाट आजार) आहे. दोन घास खाल्ले की धाप लागते म्हणून ते जेवतच नाहीत. काय करावे?

थोडे थोडे, पण दिवसातून पाच-सहा वेळा द्यावे. पातळ वरण-भातावर तूप, मऊ खिचडी, दूध, अंडे असे कमी घासांत जास्त ऊर्जा देणारे पदार्थ निवडावेत. जेवणाआधी थोडी विश्रांती द्यावी आणि ताठ बसवून भरवावे. या आजारात श्वास घेण्यासाठीच जास्त ऊर्जा खर्च होते, त्यामुळे 'म्हातारपणी एवढे पुरते' हा हिशेब त्यांना लागू होत नाही.

१४. इतका अशक्तपणा आहे, तर सरळ सलाईन लावून भराभर ताकद का आणत नाहीत?

कारण त्यात ताकद फारशी नसते आणि धोका मात्र असतो. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या एक लिटर सलाईनमध्ये ५० ग्रॅम साखर असते, म्हणजे जेमतेम दोन पोळ्यांची ऊर्जा. झिजलेल्या हृदयाला अचानक आलेले जास्तीचे पाणी झेपले नाही, तर ते फुफ्फुसांत साठते.

त्याहून मोठा धोका पुनःपोषणाचा आहे. दीर्घकाळ उपाशी असलेल्या शरीरात एकदम साखर आली की इन्शुलिन वाढते आणि रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत शिरते. फॉस्फेट फार घटले की श्वासपटलाचे काम थांबू शकते, आणि जंतूंपर्यंत पोहोचून त्यांना गिळण्याची पांढऱ्या पेशींची क्षमताही उतरते. म्हणजे अन्न सुरू झाले त्याच आठवड्यात फुफ्फुसे सर्वांत असुरक्षित होतात. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटका झालेल्या युद्धकैद्यांत ही अवस्था प्रथम ठळकपणे नोंदवली गेली. म्हणून फार वजन घटलेल्या रुग्णाला आधी थायमिन (ब१ जीवनसत्त्व) देऊन, रोज रक्त तपासत, आहार टप्प्याटप्प्याने वाढवतात. याचा अर्थ घाबरून आहार फारच कमी ठेवावा असाही नाही. ती चूकही रुग्णालयांत होते. पहिले एक-दोन आठवडे देखरेखीखाली काढावेत, घरी प्रयोग करू नयेत.

१५. मल्टिव्हिटॅमिन, जस्ताच्या गोळ्या, काढा, च्यवनप्राश यांनी भागेल का?

कमतरता सिद्ध झाली असेल, तर नेमके ते पोषक द्यावे आणि त्याचा उपयोग होतो. ऊर्जेची तूट मात्र गोळीने भरत नाही. शिवाय जास्तीचे जस्त दीर्घकाळ घेतल्याने शरीरातले तांबे घटते आणि त्यामुळे न्यूट्रोफिल कमी होतात, म्हणजे ज्यासाठी गोळी घेतली त्याच्या उलट घडते. तीव्र कुपोषित मुलांना उपचाराच्या पहिल्या टप्प्यात लोहाचे औषध देत नाहीत; वजन वाढू लागल्यावरच ते सुरू करतात. काढ्याने पोट भरल्यासारखे वाटून जेवण टळत असेल, तर तो बंद करावा.

१६. वजन कमी असताना फ्लूची किंवा न्यूमोनियाची लस घ्यावी का?

हो. कमी वजन हे लस टाळण्याचे कारण नाही. वजन वाढेपर्यंत थांबण्याची गरज नाही, कारण त्या काळातच संरक्षणाची गरज जास्त असते.

१७. कॉलेजात बऱ्याच मुली भूक मारायला सिगारेट किंवा वेप ओढतात. थोड्याने काय होते?

निकोटिनने भूक काही वेळ दबते, हे खरे. त्याच वेळी धुराने श्वासनलिकांतली रोमके मंदावतात आणि मॅक्रोफेजचे काम बिघडते. उपासमारीने जे आधीच कमजोर झाले आहे, त्यावरच हा दुसरा घाव असतो. ई-सिगारेटच्या विक्रीवर भारतात २०१९ पासून बंदी आहे, त्यामुळे स्टेशनबाहेर मिळणाऱ्या वेपमध्ये काय भरले आहे, हे विकणाराही सांगू शकत नाही.

१८. वजन परत आले की फुफ्फुसे पूर्ववत होतात का?

सगळे भाग एकाच वेगाने सुधारत नाहीत. पांढऱ्या पेशींची संख्या आणि श्वासपटलाचा जोर काही आठवड्यांत सुधारू लागतो. टी-पेशींना अधिक वेळ लागतो. बोलिव्हियातील तीव्र कुपोषित मुलांच्या पाहणीत वजन सुमारे महिन्याभरात भरून आले, पण थायमस ग्रंथी पूर्ववत व्हायला सुमारे दोन महिने लागले. म्हणून वजनकाट्यावर समाधानकारक आकडा दिसताच काळजी सोडू नये. त्यानंतरचे काही आठवडेही खोकला, धाप, थकवा यांकडे लक्ष ठेवावे. वायुकोशांच्या भिंतींचे झालेले नुकसान कितपत भरून येते, हे आजार किती वर्षे होता आणि धूम्रपान होते का, यांवर बरेच ठरते.

१९. मुंबईत नेमके कुठे जावे?

प्रश्न ५ मधले कोणतेही धोक्याचे लक्षण असेल, तर आधी तातडीच्या विभागात जावे आणि खाण्याचा विकार असल्याचे तिथे स्पष्ट सांगावे. ते सांगितले नाही, तर सलाईनपासून औषधांपर्यंत सगळ्याची दिशा चुकू शकते. तातडी नसेल, तर केईएम, सायन, नायर, कूपर या महापालिकेच्या रुग्णालयांत औषधवैद्यक, छातीविकार आणि मानसोपचार हे तिन्ही विभाग आहेत, आणि या आजारात तिघांचीही गरज लागते. लहान मुलांसाठी परळचे वाडिया रुग्णालय आहे. शिवडीचे क्षयरोग रुग्णालय प्रामुख्याने गुंतागुंतीच्या आणि औषधांना न जुमानणाऱ्या क्षयासाठी आहे. पहिल्या तपासणीसाठी जवळचा महापालिका दवाखाना पुरतो. मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हा टेली-मानसचा विनामूल्य क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि मराठीतून बोलता येते.

२०. मुलीला टीबीची औषधे चालू आहेत, पण तिला बुलिमियाही आहे आणि ती जेवणानंतर उलट्या करते. औषध पोटात राहते की नाही, कळत नाही.

ही या पानावरची सर्वांत अवघड परिस्थिती आहे. उलटीबरोबर गोळ्या पडत राहिल्या, तर रक्तातली औषधाची पातळी अपुरी राहते, आणि अपुऱ्या मात्रेत तग धरलेले जंतू औषधाला न जुमानणारे होऊ शकतात. मुंबईत असा क्षय आधीच मोठ्या प्रमाणावर आहे. म्हणून उलट्यांची माहिती क्षयरोगाच्या डॉक्टरांपासून लपवू नये. गोळ्या कोणाच्या तरी देखत घ्याव्यात आणि त्यानंतर दोन तास कोणीतरी सोबत राहावे, अशी व्यवस्था मुलीला विश्वासात घेऊन करावी. ती पहारा वाटू लागली, तर उलटी फक्त दुसऱ्या वेळी आणि दुसऱ्या जागी होते. गोळ्या घेतल्यावर लगेच उलटी झाली, तर मात्रा पुन्हा द्यायची का, हे स्वतः ठरवू नये, दवाखान्यात फोन करून विचारावे.

आणखी दोन गोष्टी डॉक्टरांना आठवणीने विचाराव्यात. आयसोनियाझिड या क्षयाच्या औषधामुळे कुपोषित रुग्णांत हातापायांच्या नसांना इजा होण्याची शक्यता जास्त असते, म्हणून सोबत पायरिडॉक्सिन (ब६ जीवनसत्त्व) दिले आहे का, हे पाहावे. आणि औषधांना न जुमानणाऱ्या क्षयासाठी बेडाक्विलिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन किंवा क्लोफाझिमिन सुरू होणार असेल, तर ही औषधे ईसीजीतील क्यूटी अंतर (प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला विद्युतदृष्ट्या पूर्ववत व्हायला लागणारा वेळ) वाढवतात, आणि उलट्यांमुळे पोटॅशियम कमी असलेल्या रुग्णात त्यातून हृदयाचे ठोके जीवघेणे बिघडू शकतात. पहिली गोळी घेण्याआधी ईसीजी, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम तपासून घ्यावे, उलट्या चालू असेपर्यंत ही तपासणी ठरावीक दिवसांनी पुन्हा करावी, आणि मानसोपचार 'टीबी बरा झाल्यावर' यासाठी मागे न ठेवता त्याच आठवड्यात सुरू करावा.